नवी पिकअप, सत्तरचा वेग आणि पाच महिने न थांबलेली थरथर

पाडव्याला नवी पिकअप घरी आणली. जुनी अकरा वर्षं वापरलेली, पत्रा गंजून गेलेला, गोव्याच्या पावसात पत्र्याचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. घर साखळीजवळ, धंदा भाजीचा, म्हणजे आठवड्यातून तीन फेऱ्या बेळगावला, रात्री अडीचला निघायचं, केरीवरून चोर्ला घाट चढायचा, कणकुंबी, जांबोटी करत मार्केट गाठायचं, माल भरायचा आणि सकाळी साडेनऊ-दहापर्यंत खाली उतरून साखळी, डिचोली, म्हापसा असं वाटत जायचं. बाबांनी तीस वर्षं हेच केलं, आता मी करतो. गाडीवर कर्ज आहे, दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो, त्यामुळे गाडी एक दिवस उभी राहिली तरी तो दिवस कुठून भरून काढायचा हे डोक्यात फिरत असतं. हे आधी सांगतो कारण पुढे जे काही झालं ते नुसतं कम्फर्टचं प्रकरण नव्हतं.

पहिल्याच फेरीला जाणवलं. घाटात नाही, घाटात चाळीसच्या वर कोण जातं. जांबोटी सोडून थोडा बरा रस्ता लागला, गाडी रिकामी, पाचवा गिअर, काटा ६५ च्या पुढे गेला आणि सीटखालून एक थरथर यायला लागली. स्टिअरिंग शांत, पण सीट, पायाखालचा पत्रा, बाजूला ठेवलेली पाण्याची बाटली, सगळं बारीक थरथरतंय. आतल्या आरशात मागच्या ट्रकचे दोन दिवे होते ते दोनाचे चार दिसायला लागले. ७५ च्या पुढे थोडं कमी झालं, ८० ला आमचा स्पीड गव्हर्नर, त्याच्या पुढे गाडी जातच नाही. म्हणजे माल वाहणारा माणूस ज्या वेगाला दिवसभर चालवतो, नेमका तोच ६५ ते ७५ चा पट्टा खराब. वाटलं रस्त्याचं असेल. येताना बाराशे किलो माल, कोबी, टोमॅटो, कांदे, तर काहीच नाही! एकदम गुळगुळीत. म्हापशाला माल उतरवला, कोलवाळच्या बाजूला एक खेप टाकायला हायवेवरून रिकामी गेलो, तर परत तेच.

घरी बाबांना बोललो. बाबा म्हणाले नवी गाडी आहे, जरा सेट होऊ दे, पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसायला वेळ लागतो. मी पण वाट बघितली. इथे माझा एक महिना गेला आणि नवी गाडी घेतलेल्या सगळ्यांना मी हे मनापासून सांगतो की थरथर आपोआप सेट होत नाही, पहिल्या आठवड्यातच लेखी तक्रार करा.

पहिल्या फ्री सर्व्हिसला कंपनीच्या वर्कशॉपला गेलो तेव्हा अॅडव्हायझरला, म्हणजे तक्रार लिहून घेणाऱ्या माणसाला, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, जॉबकार्डवर लिहिलं "गाडीत आवाज". मी म्हटलं आवाज नाही हो, थरथर आहे, रिकाम्या गाडीत, ६५ ते ७५ मध्ये. तो म्हणाला, सर सिस्टिममध्ये तसं टाकायला जागा नाही. मी तेव्हा सोडून दिलं, तिथे चुकलंच, कारण पुढे तीन महिन्यांनी वॉरंटीचं बोलणं निघालं तेव्हा पहिल्या कागदावर "आवाज" होता आणि "व्हायब्रेशनची तक्रार आधी नव्हती" असं मला ऐकवण्यात आलं. त्यानंतरच्या प्रत्येक जॉबकार्डवर मी स्वतः पेनाने लिहायचो, खाली सही, तारीख, किलोमीटर, आणि मोबाईलवर फोटो. लाज वाटायची नाही, मागे लाईन असली तरी.

ट्रायलला त्यांचा ड्रायव्हर घेऊन गेला. वर्कशॉपच्या आजूबाजूला गर्दीचा रस्ता, पंचेचाळीसच्या वर त्याने नेलीच नाही आणि परत येऊन "ओके आहे" म्हणाला. मी म्हटलं हायवेला चला, मी पण बसतो. बसलो. ७० ला गेल्यावर त्याने पण मान्य केलं की हो, काहीतरी आहे, पण मग म्हणाला सर ही पिकअप आहे, कार नाही, मागे पाटे आहेत, एवढं राहणारच. हे वाक्य मी पुढच्या पाच महिन्यांत किती वेळा ऐकलं त्याचा हिशोब नाही. अरे, अकरा वर्षं पिकअपच चालवली ना मी, जुन्या गाडीत पाटेच होते, शेवटी शेवटी दार बांधून चालवायचो तरी सत्तरला आरसा स्थिर असायचा.

मग सुरू झाली ती बॅलन्सिंगची रांग. पहिल्यांदा पुढची दोन चाकं बॅलन्स केली, वजनं ठोकली. फरक नाही. दुसऱ्यांदा चारही. फरक नाही. अलाइनमेंट केली, त्याचे पैसे पण लावले. अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर फायदा होतो, सरळ रस्त्यावर ठराविक वेगाला येणारी थरथर त्याने जात नाही, हे मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. तिसऱ्यांदा पुढची चाकं मागे आणि मागची पुढे. थरथर जिथे होती तिथेच. कोणीतरी म्हणालं गाडी यार्डात उभी राहून टायरला सपाट डाग पडला असेल, टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तो बघितला तर टायर गाडी घेण्याच्या आठ महिने आधीचे निघाले, म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. पण सपाट डाग असेल तर तो थंड टायरला जास्त जाणवतो आणि वीस-पंचवीस किलोमीटर चालून गरम झाल्यावर कमी होत जातो. माझ्याकडे बेळगावपर्यंत चाललेल्या टायरला पण तेवढीच.

याच्यामध्ये एक घोटाळा झाला तो सांगायलाच हवा. जूनमध्ये पाऊस लागल्यावर एका ओळखीच्याच्या भाटात, म्हणजे बागेत, सुपारीची रोपं टाकायला गेलो होतो, तांबडा चिखल, गाडी अर्धी बुडाली. दुसऱ्या दिवशी हायवेला स्टिअरिंगच हलायला लागलं, हातात धरवेना. मला वाटलं झालं, आता पुढचं पण गेलं. वर्कशॉपला फोन केला, ते म्हणाले आणा. आणायच्या आधी बायको म्हणाली एकदा धुऊन तरी घ्या ती, तशीच घाण नेणार का. पाईप लावून रिमच्या आतल्या बाजूने पाणी मारलं तर ओंजळभर लाल मातीची ढेकळं पडली, वाळून दगड झालेली. स्टिअरिंगचं हलणं तिथेच बंद! आमच्याकडे पावसात हे सर्रास होतं, आपण बाहेरून रिम धुतो आणि आतली बाजू कोणी बघत नाही. पण त्यामुळे मला एक गोष्ट कळली जी तोपर्यंत कोणी सांगितली नव्हती. चाकाचं दुखणं, खास करून पुढच्या चाकाचं, हाताला म्हणजे स्टिअरिंगला कळतं. माझं जुनं दुखणं हाताला नव्हतंच कधी, ते बुडाखाली होतं. आणि त्याची थरथर बारीक होती, चिखलाची होती ती मोठी, थडथड अशी.

जुलैमध्ये वर्कशॉपने इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ते, बदललं. त्याला कारण होतं. त्यांच्या माणसाने चौथ्या गिअरात ट्रायल घेतली, थरथर आली तेव्हा इंजिन साधारण २२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २२०० फेऱ्यांवर होतं, त्यावरून त्याने ठरवलं की इंजिनच. दोन दिवस गाडी आत. त्या दोन दिवसांत भाड्याची गाडी करून बेळगाव केलं, नफा सगळा भाड्यात गेला, आणि नवं माउंटिंग बसवून ७० ला गेलो तर तीच बाटली तशीच थरथरतेय. त्या रात्री मला झोप नाही आली. एवढी मोठी रक्कम डोक्यावर घेऊन नवी वस्तू आणायची आणि रोज पहाटे तिच्यात बसताना पोटात गोळा यायचा, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. बाबांच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, ते हौसेने नव्या गाडीतून बेळगावला यायला लागले होते, त्यांनी यायचं बंद केलं. बोलले नाहीत काही, नुसतं म्हणाले तूच जाऊन ये.

इथून पुढे गोष्ट बदलली ती भाच्यामुळे. तो फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो, सुट्टीत आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, मामा, न्यूट्रलला टाकून बघितलंस का? नाही बघितलं. रविवारी पहाटे धारगळच्या पुढे पत्रादेवीच्या बाजूला हायवे रिकामा मिळतो, तिथे गेलो. पाचव्यात ७५ ला नेली, मागे-पुढे कोणी नाही बघून न्यूट्रल केली, इंजिन चालूच, आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. इंजिन आयडलला, पण ७५ वरून ६५ पर्यंत थरथर जशीच्या तशी, ६२-६३ ला गेली. मग त्याने चौथ्यात आणि पाचव्यात दोन्हीत ७० ला धरायला लावली. आरपीएम वेगळे, थरथर सारखी. तो म्हणाला इंजिनचा प्रश्नच नाही, क्लचचा पण नाही, कारण ते दोन्ही गाडीच्या वेगाशी बांधलेले राहिले नाहीत तरी थरथर आहे. वर्कशॉपवाला चौथ्यात का फसला तेही त्याने समजावलं, बहुतेक अशा गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे गिअरबॉक्समध्ये जाणारे फेरे आणि बाहेर येणारे फेरे सारखेच, त्यामुळे चौथ्यात इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फेरे नेणारा लांब दांडा, बरोबरीने फिरतात आणि दोघांपैकी कोण हलतंय ते ओळखता येत नाही. पाचव्यात इंजिन मागे राहतं, शाफ्ट पुढे.

मग त्याने मोबाईलमध्ये एक फ्री अॅप टाकलं, मोबाईलच्या आत जो हालचालीचा सेन्सर असतो त्यावरून सेकंदाला किती कंप होतात ते दाखवणारं. मोबाईल दोन्ही सीटच्या मधल्या पत्र्यावर चिकटपट्टीने घट्ट बसवला. ७० ला आलेख बघितला तर ९ च्या जवळ अगदी बारीक उंचवटा, आणि ३७ ला भला मोठा सुळका. आता हिशोब बघा, मला हा इतका आवडला की मी वहीत लिहून ठेवलाय. ७० चा वेग म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. आमच्या टायरचा एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर पंधरा सेंटिमीटर. भागलं की सेकंदाला ९ फेरे. म्हणजे चाकाचं, टायरचं, ड्रमचं काही असतं तर मोठा सुळका ९ ला यायला हवा होता. मग ३७ कोण? घरी येऊन मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, पुढे दगड लावले, स्टँड दिले, दोघांनी दोन चाकं एकत्र एक फेरा फिरवली आणि शाफ्टवर खडूची खूण करून मोजलं, शाफ्ट चार फेरे आणि वर थोडा फिरला. क्राऊनचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या दात्यांच्या चक्राचा, रेशो ४.१ धरला तर ९ गुणिले ४.१ म्हणजे ३७. शाफ्ट! दोन बॅलन्सिंग, एक अलाइनमेंट आणि एक इंजिन माउंटिंग झाल्यावर घरच्या पडवीत खडूने कळलं.

तरी मनाची खात्री करायला अजून एक केलं. डिचोलीचा एक मित्र आहे, त्याच्याकडे हीच गाडी, त्याच टायरची. त्याला विनंती करून एका दुपारी आम्ही चारही चाकं अदलाबदल केली. त्याची चाकं माझ्या गाडीला, थरथर आहे. माझी चाकं त्याच्या गाडीला, काही नाही. तीन तास गेले पण त्या दिवसापासून टायरचं बोलणं कायमचं बंद झालं. कोणी तुम्हाला टायर टायर करत फिरवत असेल तर हा एक प्रयोग करा, यापेक्षा स्पष्ट काही नाही.

हे सगळं घेऊन वर्कशॉपला गेलो तर अॅडव्हायझर म्हणाला मोबाईलचं अॅप आम्ही मानत नाही, आणि शाफ्टला वॉरंटी घालायची तर कंपनीचा इंजिनिअर यायला हवा, तो महिन्यातून एकदा येतो. मी रडवेला झालो होतो खरं सांगतो. तेव्हा बाबा म्हणाले, उसगावला मेस्त्रीकडे जाऊन ये.

उसगाव-तिस्कच्या बाजूला खाणीच्या दिवसांत टिप्परची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकची, एवढी कामं होती की तिथल्या मेस्त्र्यांनी शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा कोनात फिरणारा जोड), क्राऊन हेच आयुष्यभर केलं. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, कितीतरी टिप्पर अंगणात गंजले, गॅरेजं बंद पडली. हे मेस्त्री मात्र टिकून आहेत, सत्तरी ओलांडलेली, एक पोरगा मदतीला. बाबांना नावाने हाक मारतात. मी सगळं सांगायला लागलो तर मध्येच थांबवून एवढंच विचारलं, "भरिल्ली आसतना जाता काय रिकामी?" म्हटलं रिकामी. "स्टिअरिंगाक लागता?" नाही. "मागीर चाक कित्याक उस्तितात रे पुता, हें शाफ्टाचें." म्हणजे, मग चाकं कशाला उचकटतात रे पोरा, हे शाफ्टचं. अर्धं मिनिट पण नाही लागलं. मी बाबांकडे बघितलं, ते दुसरीकडे बघत होते.

माल भरला की का जातं तेही त्यांनी सांगितलं. आमच्या गाडीला दोन तुकड्यांचा शाफ्ट, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. रिकाम्या गाडीत पाटे वर वाकलेले, मागचा बॉडीचा भाग हलका, त्यामुळे शाफ्टचा थोडासा असमतोल पण चेसिस हलवतो. बाराशे किलो टाकले की पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो आणि वरचं वजनच ती थरथर गिळून टाकतं. म्हणजे दुखणं जात नाही, झाकलं जातं. आणि बेअरिंग, क्रॉस, गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील यांच्यावर मार बसतच राहतो. हे ऐकून मला कसंतरी झालं, कारण मी स्वतःला समजावायला लागलो होतो की मालासकट ठीक चालते ना, मग राहू दे.

मेस्त्रींनी गाडी पिटवर घेतली, इंजिन बंद, आणि टॉर्च लावून शाफ्टची ट्यूब कापडाने पुसत पुसत पुढून मागे गेले. मला खाली बोलावलं. मागच्या तुकड्याच्या टोकाला ट्यूबवर दोन छोटे गोल डाग होते, वेल्डिंगच्या टिकल्या, आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. फॅक्टरीत शाफ्ट मशीनवर फिरवून बॅलन्स करतात आणि जिथे हवं तिथे पत्र्याचा छोटा तुकडा वेल्ड करतात. पुढच्या तुकड्यावर तो दिसत होता. मागच्यावरचा पडला होता, आणि डागांवर गंज पण जुना, म्हणजे आता पडलेला नाही. माझ्या हातात गाडी आली तेव्हाच तो नसावा असं मेस्त्रींचं मत. एवढासा तुकडा, बिस्किटाच्या अर्ध्याएवढा. पण सेकंदाला ३७ फेरे म्हणजे मिनिटाला २२०० च्या वर, तिथे एवढासा पण पुरतो.

मी म्हटलं मग वेल्ड करून टाका. ते म्हणाले अजिबात नाही, एक तर मशीनशिवाय किती वजन ते कळत नाही, दुसरं म्हणजे वॉरंटीतल्या गाडीचा एक बोल्ट पण मी खोलणार नाही, उद्या ते तुलाच बोलतील. मग त्यांनी जे केलं ते मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. रेडिएटरच्या पाईपला लावतात ती होज क्लिप, तशी एक मोठी क्लिप शाफ्टच्या त्या टोकाला बांधली. ट्यूबवर खडूने १, २, ३, ४ असे गोलाचे चार सारखे भाग लिहिले. क्लिपचा स्क्रू असतो ना, तोच वजनाचा भाग. स्क्रू १ वर ठेवला, मी हायवेला जाऊन ७० करून आलो, वाढली. गाडी बंद, थंड होऊ दिली, २ वर केला, परत गेलो. थोडी कमी. ३ वर केला आणि फोंड्याच्या रस्त्याला मोकळा पट्टा मिळाला तिथे ७० ला गेलो, अॅपमधला ३७ चा सुळका निम्म्याच्याही खाली. आरशात मागची बस एकच दिसत होती. मी गाडी बाजूला घेतली आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. ४ वर परत वाढली, म्हणून शेवटी ३ वर आणून घट्ट केली. एक सांगून ठेवतो, हे करताना चालू गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, प्रत्येक वेळी गाडी बंद, चाकाला ओट म्हणजे अडथळा लावलेला, मगच खाली. आणि क्लिप हा कायमचा इलाज नाही, तपासायची युक्ती आहे.

पैसे विचारले तर म्हणाले, पुढच्या फेरीला बेळगावचा कुंदा आण. अर्धा किलो नेला, मग वर चहा पण त्यांनीच पाजला.

आता माझ्याकडे पुरावा होता. त्या रात्री भाच्याने आणि मी कंपनीला मेल लिहिला. रागाचा एक शब्द नाही घातला. आठ तारखा, आठ किलोमीटर रीडिंग, प्रत्येक वेळी काय बदललं आणि फरक काय, जॉबकार्डांचे फोटो, चाकं बदललेला प्रयोग, वेल्डिंगच्या डागांचा फोटो, क्लिप असताना आणि नसतानाचे आलेख. शेवटी एवढंच की पंधरा दिवसांत काही झालं नाही तर मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक आयोगात जाईन. आमच्या बाजूला बरेच लोक समजतात की धंद्याची गाडी घेतली की ग्राहक कायदा लागत नाही. तसं नाही, २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरली आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोगात जायची वेळ आली नाही, पण हे माहीत असल्यामुळे मेल लिहिताना हात थरथरला नाही.

चौथ्या दिवशी फोन, सहाव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर वर्कशॉपला हजर. तरुण होता, आणि त्याचं श्रेय त्याला देतो, त्याने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकून घेतलं. क्लिप ३ वर असताना ट्रायल, क्लिप काढून ट्रायल, मग खाली जाऊन डाग बघितले आणि तिथल्या तिथे शाफ्ट असेंब्ली वॉरंटीत मंजूर केली. पार्ट यायला अकरा दिवस. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती आणि मला घाई होती, कारण दरवर्षी काकांच्या चित्रशाळेतले, म्हणजे मूर्ती घडवायच्या शाळेतले गणपती पोचवायचं काम माझ्याकडे असतं, शुद्ध चिकणमातीच्या मूर्ती, रिकामी गाडी म्हणावी एवढाच भार, आणि ही थरथर. बोटं, कान, उंदराची शेपटी, कुठेही बारीक तडा जाऊ शकतो. त्या मूर्तींची वाट बघत घरोघरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून ठेवलेली असते, तिथे मी काय तोंड दाखवणार होतो.

नवा शाफ्ट बसला. आनंदाने हायवेला गेलो आणि ७० ला... मोठी थरथर गेली होती, पण तिच्या जागी एक बारीक घूं असा आवाज आणि पायाला मुंग्या आल्यासारखं. अॅप लावलं, ३७ जवळजवळ सपाट, पण ७४ ला नवीन सुळका. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला, तो म्हणाला दुप्पट आहे, फेऱ्याला दोनदा, म्हणजे वजनाचं नाही, क्रॉसच्या कोनाचं. तसाच उसगावला गेलो. मेस्त्रींनी खाली जाऊन नुसतं बघितलं. शाफ्टच्या मध्ये स्प्लाइनवर, म्हणजे दात्यांवर बसणारा जोड असतो, बसवताना तो सोडवून परत घालतात. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत यायला हवेत, त्यासाठी त्यावर खुणा असतात, बाण किंवा ठिपका. आमच्यात एक खूण दुसरीपासून दोन दात पुढे बसलेली. क्रॉस जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे-मागे होतो, दोन योक बरोबर असले की एकाची चूक दुसरा खाऊन टाकतो, नसले की दोन्ही चुका मिळून मागे जातात. मेस्त्रींनी परत हात लावला नाही, फोटो काढून दिला, खुणांवर खडू लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वर्कशॉपच्या दारात उभा होतो. जॉबकार्डवर मीच लिहिलं, "योकच्या खुणा जुळवून बसवणे". नवव्या जॉबकार्डावर पहिल्यांदा माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सिस्टिममध्ये घातलं. फ्लोअरवरच्या मेकॅनिकने माझ्यासमोर खोललं, खुणा जुळवल्या, नट टॉर्कने आवळले. चाळीस मिनिटं. तो पोरगा हळूच म्हणाला, दादा, मला कोणी शिकवलंच नव्हतं हे. त्याच्यावर राग काढायचा म्हणून गेलो होतो, तो गेला. रोज बारा-पंधरा गाड्या, हातात वेळ नाही, वरून "लवकर सोड". अॅडव्हायझरवरचा राग मात्र अजून आहे. त्याचं काम ऐकायचंच होतं.

मूर्ती पोचवल्या, एकोणीस घरी, भाताच्या पेंढ्यावर बसवून. एकीलाही काही झालं नाही.

आता दर पाच हजारला क्रॉसना ग्रीस मारून घेतो, समोर उभा राहून, आणि गाडी जॅकवर असली की ट्यूबवरचे वजनाचे तुकडे जागेवर आहेत का ते बोटाने चाचपतो. इंजिन माउंटिंगच्या वेळचं भाडं मला कोणी दिलं नाही, अलाइनमेंटचे पैसे मागून परत मिळाले. बाबा परवाच्या सोमवारी परत आले बरोबर. जांबोटी सोडली, ६५, ७०, ७२. ते आरशात बघत होते. मागे एक कर्नाटक एसटीची बस होती, दिवे लावलेली, उजाडत आलं होतं. बाबांनी तिचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला.